दादा, कॉम्प्युटर परत बंद पडला!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेन, टिळक रोड, हिंगवाला लेन अशी फेरी मारली, तर दुकानांत आणि पेढ्यांवर चोपडापूजन चाललेलं दिसतं. लाल कापडी बांधणीच्या वह्यांशेजारी आता लॅपटॉप नाहीतर कीबोर्ड मांडलेला असतो. कुठे टेबलाखालच्या कॅबिनेटलाच कुंकू लावून फूल वाहिलेलं असतं. ते योग्यच आहे. येणं-देणं, माल, जीएसटी, गिऱ्हाइकांची खाती, सगळं त्याच पेटीत असतं. घाटकोपर हे व्यापाऱ्यांचं, कापड-औषधांच्या वितरकांचं, सीए आणि करसल्लागारांच्या छोट्या कार्यालयांचं उपनगर, आणि या कार्यालयांत डेस्कटॉप अजून पाय रोवून आहे. जीएसटीआर-3बी भरायची मासिक मुदत बहुतेकांना 20 तारखेची. 19 तारखेला रात्री आठ वाजता टॅलीत शेवटच्या नोंदी चढवताना स्क्रीन काळी पडते, पंख्याचा आवाजही थांबतो, आणि खुर्चीतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो.

मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो. "दादा, परत बंद पडला. आपोआप!"

जाणता कारागीर या फोनवर उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. केव्हा बंद पडला? चालू केल्याकेल्या, की दहा-पंधरा मिनिटांनी? तेव्हा काय चाललं होतं? लाइट लुकलुकली का? बंद पडून बंदच राहिला, की आपला आपण परत सुरू झाला? निळा स्क्रीन आला होता का? बटण दाबल्यावर लगेच चालू होतो, की थोडा वेळ थांबावं लागतं? या प्रश्नांच्या उत्तरांत निम्मं निदान असतं. पण बहुतेक वेळा ती उत्तरं कोणाकडेच नसतात, कारण कॉम्प्युटर बंद पडला की माणूस घाबरून पहिलं काम करतो ते बटण दाबण्याचं.

आणि जिथे प्रश्न विचारले जात नाहीत, तिथे एक ठरलेलं उत्तर तयार असतं: "व्हायरस असेल, फॉरमॅट मारू." या एका वाक्यापायी किती दुकानांचा हिशेब, किती घरांतले फोटो गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. दोष वीजपुरवठ्यात किंवा अडकलेल्या पंख्यात असताना विंडोज पुसून पुन्हा टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फॉरमॅटनंतर कॉम्प्युटर दोन दिवस नीट चालतो, कारण त्या दोन दिवसांत त्याच्यावर कामाचा ताण नसतो. तिसऱ्या दिवशी टॅली, ब्राउझर, प्रिंटर सगळं सुरू होतं आणि पेटी पुन्हा गप्प होते.

खरं तर विंडोज स्वतः एक रोजनिशी लिहीत असतं आणि ती कोणालाही फुकट उघडता येते. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधायचं, विंडोज लॉग्जमध्ये जाऊन सिस्टिम उघडायचं आणि बंद पडण्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहायच्या. 1074 क्रमांकाची नोंद असेल तर कोणीतरी, म्हणजे माणसाने, अपडेटने किंवा एखाद्या प्रोग्रॅमने, रीतसर बंद करण्याचा हुकूम दिला होता. कोणी दिला, तेही तिथेच लिहिलेलं असतं. 6008 म्हणजे मागच्या वेळी कॉम्प्युटर अनपेक्षितपणे बंद झाला होता. आणि लाल खुणेची कर्नल-पॉवर 41 ही नोंद सर्वांत जास्त भेटते.

या 41 क्रमांकाने भल्याभल्यांची दिशाभूल केली आहे. कर्नल-पॉवर हे नाव वाचून पॉवर सप्लायच गेला असं लोक ठरवून टाकतात. ही नोंद प्रत्यक्षात एवढंच सांगते की मागचा शेवट रीतसर झाला नाही, आणि ती लिहिली जाते पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर. मात्र तिचा तपशील उघडला की बगचेककोड नावाची एक ओळ दिसते. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल, तर विंडोज आधी कोसळलं होतं. म्हणजे ड्रायव्हर, रॅम, डिस्क अशा बाजूला पाहायला हवं. शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही. वीज तुटली, उष्णतेने रक्षण-यंत्रणा चालली किंवा सगळं जागच्या जागी गोठलं. त्याच तपशिलात पॉवर बटण दाबून धरल्याची वेळही नोंदवलेली असते, म्हणजे घरातल्या कोणी घाईत बटण दाबून बंद केला असेल तर तेही उघडं पडतं. एवढी माहिती समोर असताना ती न वाचता फॉरमॅट मारणं हे दुरुस्तीच्या धंद्यालाही शोभत नाही.

शून्य निघाला की शोध कॅबिनेटपासून नव्हे, भिंतीपासून सुरू करावा. घाटकोपरात तर नक्कीच.

उपनगरांची वीज हा मुंबईचा वेगळा अध्याय आहे. 1929 साली स्थापन झालेली बीएसईएस ही इथली जुनी कंपनी. पुढे ती रिलायन्सकडे आणि 2018 मध्ये अदानीकडे गेली. पलीकडे भांडुप-मुलुंडला महावितरण. देशाच्या बऱ्याच भागांच्या तुलनेत मुंबईची वीज भरवशाची, आणि म्हणूनच इथल्या माणसाच्या डोक्यात विजेचा संशय शेवटी येतो. वीज गेली की काय होतं हे 12 ऑक्टोबर 2020 च्या सोमवारी सगळ्यांनी पाहिलं. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या उच्चदाब वाहिन्यांमधल्या बिघाडाने मुंबई आणि परिसर अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. टाळेबंदीचा काळ असल्याने घराघरात ऑफिस थाटलेलं होतं. यूपीएस थोडा वेळ ओरडले आणि गप्प झाले. पण त्या दिवशी कोणालाही कॉम्प्युटर का बंद पडला हा प्रश्न पडला नाही. प्रश्न पडतो तो दिवे चालू असताना एकटा कॉम्प्युटर मान टाकतो तेव्हा.

वीज कंपनी देते ती मीटरपर्यंत. तिथून कॉम्प्युटरपर्यंतची वाट इमारतीची असते, आणि घाटकोपरात ती वाट फार वेगवेगळी आहे. गारोडियानगरातल्या नव्या टॉवरमध्ये जाड तारा, स्वतंत्र अर्थिंग, एमसीबी. पंतनगरच्या जुन्या म्हाडा इमारतींत कित्येक घरी तारा इमारतीच्याच वयाच्या. भटवाडी, असल्फा, रमाबाई आंबेडकर नगर अशा दाट वस्त्यांत मीटर एकीकडे आणि खोली दुसरीकडे. मधल्या लांब बारीक तारेवर शेजारच्या इस्त्रीचा आणि गिझरचा भार पडला की विजेचा दाब खाली येतो. यात भर पडते महापालिकेच्या पाण्याच्या वेळेची. ठरावीक वेळी पाणी येतं, सोसायटीचा पंप सुरू होतो, आणि सुरू होण्याच्या त्या क्षणी मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. एखाद्या घरातला कॉम्प्युटर रोज सकाळी ठरावीक वेळीच बंद पडत असेल, तर आधी पंपाची वेळ विचारावी. त्यासाठी बंद पडण्याच्या वेळा कागदावर लिहिलेल्या हव्यात.

मग बोर्ड. प्लग सॉकेटमध्ये हलतो का? त्याच स्पाइक बस्टरवर मॉनिटर, राउटर, मोबाइलचा चार्जर आणि पावसाळ्यात एखादा हीटर असं सगळं लटकलंय का? कॅबिनेटच्या मागे खोचलेली जाड काळी वायर सैल आहे का? टेबलाखाली पाय लागून किंचित बाहेर आलेल्या या वायरीने पुष्कळांचा दिवस वाया घालवला आहे. वायर बदलून पाहायला पाच मिनिटं लागतात आणि दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर कॉम्प्युटर चालवून पाहायला दहा.

अर्थिंगकडे मात्र गंभीरपणे पाहायला हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिणता पेटतो, आणि घरात कोणीतरी म्हणतं, "त्याला आहे थोडा करंट, काही होत नाही." हा करंट कॉम्प्युटरच्या बिघाडातून येतो असं नेहमीच नसतं. पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते आपला गळका प्रवाह अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो आणि पत्र्याचा दाब पुरवठ्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे सव्वाशे व्होल्टच्या आत-बाहेर, दिसू शकतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने सहसा इजा होत नाही, पण यूएसबीचं यंत्र जोडताना पोर्ट जळू शकतं, कॉम्प्युटर विचित्र वागू शकतो, आणि खरोखर आत काही तुटून पत्र्याला लागलं, तर वाचवायला अर्थ नसतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात घुसवण्याची सवय इथे आजही आहे. ती सोडायलाच हवी.

यानंतर येतो यूपीएस, ज्याच्यावर लोकांचा सर्वांत जास्त विश्वास आणि सर्वांत कमी लक्ष असतं. दुकानात मिळणारा नेहमीचा यूपीएस 600 व्हीएचा. त्याची खरी ताकद साधारण 360 वॉट. आत 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी. नवी असताना ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरला ती पंधरा-वीस मिनिटं सांभाळते. पण या बॅटरीचं आयुष्य 25 अंश तापमानावर मोजलेलं असतं आणि तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात टेबलाखालच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, धुळीत बसलेला यूपीएस तीन वर्षांनी हिरवा दिवा दाखवत असतो, पण आतली बॅटरी संपलेली असते.

आणखी एक चूक सर्रास दिसते. यूपीएसच्या मागच्या सॉकेटांत लेझर प्रिंटर जोडलेला असतो. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजून बसवणारा रोलर असतो. प्रिंटची आज्ञा मिळाली की तो तापवायला प्रिंटर काही क्षण शेकडो वॉट ओढतो. यूपीएसला तेवढा भार झेपत नाही आणि तो सगळंच बंद करतो. इनव्हॉइस छापायला दिलं की कॉम्प्युटर बंद, अशी तक्रार असेल तर विंडोज, टॅली, ड्रायव्हर कशालाही हात न लावता प्रिंटरचा प्लग थेट भिंतीत लावून पाहावा.

आता यूपीएस ठणठणीत असूनही कॉम्प्युटर का मान टाकतो, हे पाहू. सगळ्या शोधातला हा सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

घरगुती यूपीएस कॉम्प्युटरला सतत बॅटरीवर चालवत नाही. वीज असेल तोवर तो भिंतीतली वीजच पुढे देतो आणि ती जाताच आतला रिले टक् करून बॅटरीवर उडी मारतो. या उडीला साधारण चार ते दहा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरला कुठूनच वीज मिळत नाही. तरी तो चालू राहतो, कारण एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, एक मोठा कपॅसिटर असतो आणि त्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार साठलेला असतो. पंप बंद पडला तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला थोडा वेळ येत राहतं, तसा हा साठा मधली फट भरून काढतो. एटीएक्स पद्धतीच्या मार्गदर्शिकेनुसार चांगल्या पॉवर सप्लायने पूर्ण भारावर सुमारे 16-17 मिलिसेकंद असं तग धरायला हवं. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक पूर्ण आवर्तन 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे ही मुदत एका आवर्तनाहूनही थोडी कमीच.

वर्षं जातात, कपॅसिटरमधलं द्रव्य उष्णतेने सुकत जातं आणि साठवण घटते. मग लाइट जराशी लुकलुकली, यूपीएसचा टक् आवाज आला की शेजारच्या टेबलावरचे दोन कॉम्प्युटर चालू राहतात आणि हा एकटा बंद पडतो. मालक यूपीएसला शिव्या देतो, बॅटरी बदलतो, यूपीएसही बदलतो. दोष असतो एसएमपीएसचा.

हे घरच्या घरी ओळखता येतं. काम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करावा, त्याच्या जागी यूपीएसला 100 वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा जोडावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढावा. दिवा विझला किंवा मिनिटभरात मंदावला, तर बॅटरी गेली. दिवा नीट पेटत राहतो पण त्याच यूपीएसवर कॉम्प्युटर मात्र टिकत नाही, तर संशय एसएमपीएसवर. एलईडीचा दिवा या कामाला चालत नाही. त्याला इतकी कमी वीज लागते की मेलेली बॅटरीही त्याला उजळत ठेवते.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ उरलेला असू शकतो. बाहेरून पाहण्याजोगं पुष्कळ असतं: त्याचा पंखा फिरतो का, जळका वास येतो का. पावसाळ्यात आत शिरलेली पाल किंवा झुरळ शॉर्ट करून गेल्याची उदाहरणं मुंबईतल्या कोणत्याही जुन्या कारागिराकडे असतात. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेजही बघता येतं. पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट म्हणजे 11.4 ते 12.6, लाल तारेवर 5 व्होल्ट म्हणजे 4.75 ते 5.25, दोन्हींत पाच टक्क्यांची सूट. पण नुसता चालू असताना आलेला आकडा पुरेसा नाही. कॉम्प्युटरला जड काम देऊन पाहावं; भार वाढताच 12 चे 11 होत असतील तर उत्तर मिळालं.

डब्यावर 450 वॉट छापलेलं असलं म्हणजे तो 450 वॉट देतोच असं नाही. बिनानावाचा हलका डबा आणि नामांकित कंपनीचा जड डबा हातात घेतले तरी फरक कळतो. आतलं तांबं, हीटसिंक, गाळण्या यांचंच ते वजन असतं. स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस साध्या ऑफिसकामाला पुरतो. घरातल्या मुलाने त्याच कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवलं की गेम सुरू होताच पेटी बंद पडते. याचं कारण नव्या ताकदवान कार्डांत आहे: ती मिलिसेकंदाहूनही कमी काळासाठी आपल्या नेमलेल्या भाराच्या दुप्पटही वीज ओढतात, आणि जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय त्याला शॉर्ट समजून स्वतःला तोडतो. ही अडचण जगभर इतकी आली की 2022 मध्ये इंटेलने एटीएक्स 3.0 ही नवी मार्गदर्शिका काढताना अशा क्षणिक उसळ्या झेलण्याची अट घातली.

मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांची गोष्ट तर उद्योगाच्या इतिहासात जमा झाली आहे. 2000 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात जगभर लाखो बोर्डांवरचे कपॅसिटर दोन-तीन वर्षांतच फुगून फुटले. वरची फुली मारलेली सपाट टोपी फुगीर होते, तिच्यातून तपकिरी चिकट द्रव बाहेर येतो आणि कॉम्प्युटर कधीही बंद पडतो. मे 2003 ते जुलै 2005 या काळात डेल कंपनीने विकलेल्या किमान 1 कोटी 18 लाख कॉम्प्युटरांना सदोष कपॅसिटरचा धोका होता, हे 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. 2001 साली एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर महाराष्ट्रात गल्लोगल्ली क्लास निघाले, ते नेमके याच काळात. त्या वेळच्या कारागिरांना फुगलेला कपॅसिटर लांबून ओळखता येतो. टॉर्च घेऊन बोर्डावर नजर फिरवण्याची त्यांची सवय नव्यांनी उचलावी अशी आहे.

वीज निर्दोष ठरली की पुढचा आरोपी उष्णता. ही या यंत्राची जन्मजात वैरीण आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या देशी बनावटीच्या कॉम्प्युटरमध्ये सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते. तो चालवायचा म्हणजे खोली थंड ठेवण्याची लढाईही लढायची. आज तेच भांडण बोटभर रुंदीच्या चिपवर चालतं. 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत दाखवली होती. चालत्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून थंडावा देणारा हीटसिंक काढला. पेंटियम 4 मंदावून तगला आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर काढून मेला. त्यानंतरच्या प्रोसेसरांत रक्षण-यंत्रणा सरसकट आली. इंटेलच्या कित्येक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथे पोचताच तो वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढत राहिलं तर वीजच तोडतो. म्हणजे उष्णतेने बंद पडणारा कॉम्प्युटर स्वतःचा जीव वाचवत असतो. त्याला पुन्हा पुन्हा चालू करून छळणं थांबवावं.

उष्णतेची खूण ठळक असते. पंधरा मिनिटं चालतो, बंद पडतो. लगेच चालू केला तर दोन मिनिटांत पुन्हा बंद. अर्धा तास थांबून चालू केला की पुन्हा पंधरा मिनिटं. असं वेळापत्रक दिसलं की बायोसमधलं हार्डवेअर मॉनिटरचं पान किंवा एचडब्ल्यूइन्फोसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडून तापमान पाहावं.

घाटकोपरात धूळ कमी नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रो 4 चं काम गारोडियानगर, पंतनगर, लक्ष्मीनगर, श्रेयस सिनेमा अशा पट्ट्यातून वर्षानुवर्षं चाललंय, पुनर्विकासाच्या इमारती पाडल्या जाताहेत, एलबीएस मार्गावरची वाहतूक थांबत नाही. त्यात कॅबिनेट जमिनीवर, मागची बाजू भिंतीला टेकलेली. पंखा ही धूळ खेचतो आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये, पंख्याच्या अगदी खाली, तिचा करडा थर बसतो. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. हवा मात्र पात्यांपर्यंत पोचत नसते. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण जोरदार झोताने ती भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं आत मुळीच नको.

धूळ काढूनही तापमान चढत असेल तर दोन जागा उरतात. एक, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट. काही वर्षांत ती सुकून तिची पापडी होते. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावली की काम होतं. दुसरी जागा कोणी सहसा पाहत नाही. 2004 पासून इंटेलने डेस्कटॉप प्रोसेसरबरोबर दिलेले बरेच पंखे चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बोर्डाला धरलेले असतात. त्यातली एखादी खुंटी पूर्ण आत गेलेली नसते किंवा तिचा पाय मोडलेला असतो. कॅबिनेट उभं असल्याने हीटसिंक त्या कोपऱ्यात केसाएवढा सुटतो आणि प्रोसेसरचा एक भाग उघडा पडतो. बोटाने चारही खुंट्या दाबून पाहाव्यात. टक् असा आवाज आला, तर गेल्या कित्येक महिन्यांचं कोडं तिथेच सुटलं.

चालू करताच दोन-चार सेकंदांत बंद पडणारा कॉम्प्युटर हा वेगळा मामला. इथे पुढचं पॉवर बटण आधी पाहावं. हे बटण चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर सक्तीने बंद होतो. मळाने बटण आतच अडकलं, तर कॉम्प्युटरला ते कोणी दाबून धरलंय असंच वाटतं. मदरबोर्डच्या कडेवरची या बटणाची दोन तारांची पिन काढायची आणि बोर्डावरच्या त्या दोन टोकांना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरने क्षणभर स्पर्श करून कॉम्प्युटर सुरू करायचा. आता तो टिकला तर दोष दहा-वीस रुपयांच्या बटणात. प्रोसेसरजवळची 12 व्होल्टची चार किंवा आठ पिनांची जोडणी सैल असणं, बोर्डाखाली पडलेला एखादा स्क्रू, ही पुढची कारणं.

खोडरबराने रॅमचे सोनेरी दात घासणं हा आपल्याकडचा लाडका उपाय पावसाळ्यात खरोखर कामी येतो, पण तो सुरूच न होणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. रॅम खराब असेल तर सहसा निळा स्क्रीन येतो किंवा कॉम्प्युटर परत सुरू होतो. ठार बंद क्वचितच पडतो. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर2032 बॅटरी संपली तर तारीख-वेळ चुकते, कॉम्प्युटर बंद पडत नाही. ती बदलण्याचे पैसे या तक्रारीपोटी कोणी मागितले, तर ग्राहकाने कारण विचारावं.

व्हायरसने कॉम्प्युटर बंद पडतच नाही, असंही नाही. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाच्या किड्याने विंडोज एक्सपी आणि 2000 वर हल्ला केला, तेव्हा जगभरच्या स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी येऊन कॉम्प्युटर परत सुरू होत. पुढच्या वर्षी सॅसरने तेच केलं. रनमध्ये जाऊन 'शटडाउन -ए' टाइप करून मोजणी थांबवायची आणि मिळालेल्या वेळात पॅच उतरवून घ्यायचा, हा त्या काळातला तोडगा जुन्या कारागिरांना तोंडपाठ आहे. पण तेव्हाही विंडोजने आपण बंद होत असल्याचं सांगितलं होतं. सूचना न देता, पंख्यासकट, एका क्षणात सगळं थांबतं तेव्हा बोट प्रथम वीज आणि उष्णतेकडेच दाखवावं लागतं.

इतकं करूनही उत्तर मिळालं नाही, तर अदलाबदल हाच मार्ग. ग्राफिक्स कार्ड, जादा डिस्क, सगळ्या यूएसबी काढून बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि चांगला माहीत असलेला दुसरा एसएमपीएस एवढ्यावर कॉम्प्युटर चालवायचा. मग एकेक वस्तू परत जोडत जायची. एका वेळी एकच बदल. दोन वस्तू एकदम बदलल्या तर कॉम्प्युटर सुधारतो, पण कोणती खराब होती ते कळत नाही आणि दोन्हींचे पैसे जातात. घाटकोपरचा कारागीर सुटा भाग आणायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो. लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा अजूनही मुंबईतल्या या कामाचा मोठा बाजार आहे. त्या फेरीपूर्वी दुकानातल्या चालत्या एसएमपीएसवर तासभर चाचणी घेणारा कारागीर ग्राहकाचे पैसे वाचवतो, आणि असे कारागीर गल्ल्यांमधून आहेत. त्यांच्या तासाभराला मोल द्यायला लोक कुरकुरतात, फॉरमॅटचे पैसे मात्र मुकाट्याने देतात. हे उलटं व्हायला हवं.

आज हे सांगण्याची निकड वाढली आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालते असंख्य डेस्कटॉप एकदम जुने ठरले. अशात एखादा बंद पडू लागला की "नवाच घ्या" हा सल्ला सोपा होतो. काही वेळा तो बरोबरही असतो. पण ज्याचा विंडोज 11 चालवण्याजोगा कॉम्प्युटर केवळ सुकलेल्या पेस्टमुळे किंवा थकलेल्या एसएमपीएसमुळे बंद पडतो आहे, त्याला नवा घ्यायला लावणं अन्यायाचं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं ते ग्राहकाला दुरुस्तीची माहिती आणि वाट मिळावी म्हणूनच. आणि भाग खरोखर मेलाच, तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. मेलेला एसएमपीएस आणि यूपीएसची शिशाची बॅटरी भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नये.

तेव्हा या दिवाळीत कॅबिनेट पुसायला घ्याल, तेव्हा आधी हिशेबाची आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवा आणि कॉम्प्युटर बंद पडला की बटण दाबण्याआधी तारीख, वेळ आणि तेव्हा चाललेलं काम त्यावर लिहा. दुरुस्तीवाला आला की तो कागद त्याच्या हातात द्या, इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवायला सांगा, आणि त्या नोंदी पाहिल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.